डार्विनच्या नावावर खपणारे धाडस

प्रश्न : मी धायरीत राहतो. माझा मुलगा १९ वर्षांचा असून अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेले वर्षभर दर रविवारी पहाटे तो मित्रांबरोबर गाडी घेऊन बाहेर पडतो, रिकाम्या रस्त्यावर पुढचे चाक उचलून चालवतो, सिंहगडाच्या कड्यावर पाय सोडून बसतो आणि या सगळ्याचे रील टाकतो. रागावलो तर म्हणतो, “बाबा, सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट. मी अजून उभा आहे ना?” मावळे कडे चढले तेव्हा त्यांना कोणी अडवले नव्हते, असेही ऐकवतो. दोन महिन्यांपूर्वी आमच्याच सोसायटीतला त्याच्या वयाचा एक मुलगा असेच स्टंट करताना पडून गेला. तेराव्याच्या दिवशी पार्किंगमध्ये एक चांगले शिकलेले गृहस्थ म्हणाले, “वाईट झाले, पण निसर्ग अशी छाटणी करतोच. शेवटी सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट.” माझा मुलगा शेजारीच उभा होता आणि त्याने मान डोलावली. तेव्हापासून मला धड झोप नाही. हे वाक्य खरे असेल तर मी त्याला काय उत्तर द्यावे? गाडीची किल्ली काढून घ्यावी, असे मला वाटते. पत्नी म्हणते, वयात आलेला मुलगा आहे, आणखी बिथरेल. — एक वडील, धायरी

उत्तर : तुमचे पत्र वाचून तुमच्या मुलाच्या स्टंटपेक्षा पार्किंगमधल्या त्या वाक्याचा मला अधिक राग आला, हे आधीच सांगून टाकतो. एकच वाक्य तुमचा मुलगा जिवंत राहिल्याची फुशारकी म्हणून वापरतो, ते गृहस्थ गेलेल्या मुलाला नापास ठरवण्यासाठी वापरतात, आणि आपण शास्त्रच बोलत आहोत असे दोघांनाही वाटते. दोघांचेही चुकले आहे. ते नेमके कुठे चुकले, हे मुलाशी बोलण्याआधी तुमच्या मनात स्वच्छ असले पाहिजे, कारण ‘मरशील’ हे त्याने शंभरदा ऐकले असणार. ‘तू जे शास्त्र सांगतोस ते तुला नीट माहीत नाही’ हे त्याला अद्याप कोणी सांगितलेले दिसत नाही, आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ते जास्त झोंबेल.

‘सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट’, म्हणजे ‘जो सर्वांत फिट तोच टिकतो’, हे शब्द उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणाऱ्या डार्विनच्या नावावर खपतात, पण मुळात ते त्याचे नाहीत. त्याचे ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ १८५९ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा ते त्यात नव्हते. ते घडवले हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज तत्त्वज्ञाने, १८६४ मध्ये. डार्विनचा स्वतःचा शब्द होता ‘नैसर्गिक निवड’, म्हणजे परिसराशी जुळणारे जीव टिकून त्यांचे गुण पुढच्या पिढ्यांत वाढत जाणे. पण ‘निवड’ म्हटले की कोणी तरी बसून निवड करते आहे असा वाचकांचा समज होतो, अशी हाच विचार स्वतंत्रपणे मांडणारे निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांची तक्रार होती. म्हणून त्यांनी १८६६ मध्ये डार्विनला स्पेन्सरचे शब्द उचलण्याचा आग्रह केला आणि १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत ते आले. एक गैरसमज टाळण्यासाठी आणलेल्या या शब्दांनी पुढे त्याहून मोठा गैरसमज रुजवला, तो असा की निसर्गात ‘बळी तो कान पिळी’ हाच कायदा चालतो आणि डार्विनने त्याला मान्यता दिली आहे.

जीवशास्त्रात ‘फिट’ म्हणजे व्यायामशाळेतला फिट नव्हे, निधड्या छातीचा तर मुळीच नव्हे. आहे त्या परिसरात जगून, पुढे जगू शकेल अशी संतती मागे ठेवण्यात जो इतरांपेक्षा सरस ठरतो तो फिट, इतकाच त्याचा अर्थ आहे. ‘बीगल’ जहाजावरची पाच वर्षांची सफर आटोपून १८३६ मध्ये परतलेला डार्विन पुढे आयुष्यभर दुखणाईत होता. उलट्या, थकवा आणि धडधड यांनी तो आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळत असे. तुमच्या मुलाच्या मापाने तो पहिल्याच फेरीत बाद झाला असता. त्याला दहा मुले झाली आणि त्यांपैकी सात मोठी झाली. ज्याने हे शब्द घडवले तो स्पेन्सर मात्र आजन्म अविवाहित राहिला, म्हणजे जीवशास्त्राच्या काटेकोर हिशेबात त्याच्या खात्यावर शून्य आहे. (यावरून स्पेन्सरला कमी लेखण्याचे कारण नाही, माणसाची किंमत करायला हे माप उपयोगाचे नाही, एवढेच यातून घ्यायचे.)

सह्याद्रीच्या उतारांवर वाढणारी कारवी घ्या. ती साधारण सात वर्षे नुसती पाने काढत उभी असते, मग डोंगरच्या डोंगर एकदमच फुलतात, एकाच वेळी इतके बी पडते की खाणाऱ्यांनी खाऊनही भरपूर उरते, आणि मग ती झाडे वाळून जातात. यात ताकद नाही, शौर्य नाही. वाट पाहणे आणि सगळ्यांनी मिळून एकाच वेळी फुलणे आहे. आपल्या डोंगरांत ती टिकून आहे, म्हणजे ती फिट आहे. परिसर बदलला तर हेच वागणे तिला भोवू शकते, आणि तेव्हा ती फिट राहणार नाही. फिट असणे हा कोणाच्या अंगी कायमचा चिकटलेला गुण नसून त्या वेळच्या परिसराशी जुळलेला मेळ आहे.

आता “मी अजून उभा आहे ना?” या वाक्याकडे येऊ. नैसर्गिक निवड हा एका माणसाचा एका रविवारी सकाळी होणारा पेपर नाही. आनुवंशिक फरक असलेल्या मोठ्या समूहात अनेक पिढ्यांनंतर काय उरले, याचा तो मागाहून मांडलेला हिशेब आहे. वीस रविवार सुखरूप परत येण्याने फक्त एवढेच सिद्ध होते की त्या वीस रविवारी रस्त्यावर खडी नव्हती, कुत्रे आडवे आले नाही आणि दूधवाल्याची गाडी वळणावरून दोन मिनिटे उशिरा आली. यात त्याचे कौशल्य किती आणि योगायोग किती, हे त्याला स्वतःलाही कळायला मार्ग नाही, कारण ज्यांचा योगायोग चुकला ते येऊन सांगत नाहीत.

नायगारा धबधब्याचा इतिहास या बाबतीत मोठा बोलका आहे, आणि तुमच्या मुलाला तो आवडेलही. पिंपात बसून हा धबधबा उतरून जिवंत राहणारी पहिली व्यक्ती कोणी पैलवान नव्हती; ॲनी एडसन टेलर ही शिक्षिका होती, आणि तिने हे २४ ऑक्टोबर १९०१ रोजी, आपल्या ६३ व्या वाढदिवशी केले. कारण पैशाची अडचण. बाहेर आल्यावर तिने पहिला सल्ला हाच दिला की हे पुन्हा कोणीही करू नये. अपेक्षेइतका पैसा काही मिळाला नाही, आणि १९२१ मध्ये ती गरिबीतच वारली. १९११ मध्ये बॉबी लीच पोलादी पिंपातून उतरला, मोडलेली हाडे घेऊन कित्येक महिने रुग्णालयात राहिला आणि वाचला. १९२० मध्ये चार्ल्स स्टीफन्स या अनुभवी कसरतपटूने लाकडी पिंप निवडले, तोल राहावा म्हणून पायांना लोखंडी ऐरण बांधून घेतली, आणि पाण्यावर आदळताच ती ऐरण पिंपाचा तळ फोडून त्याला घेऊन गेली. नंतर सापडला तो त्याचा एक हात. आणि नायगाऱ्यातून वाचलेला तो लीच? १९२६ मध्ये न्यूझीलंडमध्ये तो संत्र्याच्या सालीवरून घसरला, पायाची जखम चिघळली, पाय कापावा लागला आणि त्यातच तो गेला. यांत फिट कोण आणि अनफिट कोण, हे मुलाला ठरवू द्या. त्याचे उत्तर मला ऐकायला आवडेल.

त्याच्या वाक्यात थोडे तथ्यही आहे, आणि ते तुम्ही नाकारू नये. धोका पत्करून दाखवणे हे प्राणिसृष्टीत उगाच आलेले नाही. आफ्रिकेतले थॉमसन गॅझेल हे हरीण शिकारी दिसल्यावर कधी कधी सरळ पळण्याऐवजी चारही पाय ताठ करून जागच्या जागी उंच उड्या मारते. वरकरणी हा आत्मघात वाटतो. माझ्यात इतकी शक्ती आहे की मागे लागून उपयोग नाही, असा तो शिकाऱ्याला निरोप असतो, आणि ज्यांच्या उड्या कमी पडतात त्यांच्या मागे रानकुत्रे अधिक लागतात असे निरीक्षण आहे. आमोत्झ झाहावी या इस्रायली जीवशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये यामागचा विचार मांडला : महागडा निरोप विश्वासार्ह असतो, कारण ज्याच्या अंगात दम नाही त्याला तो परवडत नाही. मोराचा पिसारा त्याने याच रीतीने समजावला. विशीच्या आसपासचे मुलगे एकमेकांसमोर जीव धोक्यात घालतात ही गोष्टही जगभर दिसते, आणि मार्गो विल्सन व मार्टिन डेली यांनी १९८५ मध्ये तिची मीमांसा तरुण पुरुषांमधल्या परस्पर स्पर्धेच्या अंगाने केली. तेव्हा तुमच्या मुलाला जी सुरसुरी येते ती त्याच्या एकट्याच्या डोक्यातले खूळ नाही. ती फार जुनी आहे.

परंतु या सगळ्या विचाराचा कणा असा की निरोप खोटा पाठवता येता कामा नये. हरणाला उडी चुकली तर ती पुसून टाकता येत नाही. रीलमध्ये नेमके तेच करता येते. जे चाक उचललेच गेले नाही, जिथे पाय टेकावा लागला, जिथे गाडी लटपटली, ते सगळे कापले जाते आणि राहिलेल्या बारा सेकंदांना गाणे लावले जाते. पाहणाऱ्यापर्यंत जो निरोप पोहोचतो त्यात करणाऱ्याच्या खऱ्या ताकदीची माहिती जवळजवळ नसतेच. सर्वांत वाईट परिणाम पुढे होतो : ते रील पाहून जो दुसरा मुलगा चाक उचलायला जातो, त्याला वाटते की पहिल्याने हे पहिल्याच प्रयत्नात केले. जून २०२४ मध्ये पुण्यात जांभुळवाडी भागातल्या एका पडक्या इमारतीच्या गच्चीवरून एक तरुणी एका तरुणाचा हात धरून खाली लोंबकळतानाचे रील सर्वत्र फिरले आणि पोलिसांनी गुन्हा दाखल केला, हे तुम्हाला आठवत असेल. ते पाहताना ‘केवढे धाडस’ असे म्हणणारे खूप होते. हातांना घाम आला असता तर काय, याचे उत्तर त्या चित्रीकरणात कुठेच नव्हते.

आता पार्किंगमधल्या गृहस्थांची ‘छाटणी’. निवड होण्यासाठी तो गुण आईबापांकडून मुलांकडे जाणारा असावा लागतो. पुढचे चाक उचलण्याची हौस मुख्यतः वयातून येते, सोबतीतून येते, खिशातल्या फोनमधून आणि वडिलांनी घेऊन दिलेल्या दोनशे सीसीच्या गाडीतून येते. एक मुलगा गेल्याने समाजातून काहीही ‘छाटले’ जात नाही. पुढच्या रविवारी त्याच रस्त्यावर दुसरा मुलगा असतो. शिवाय अशा स्टंटमध्ये जाणारा दर वेळी स्टंट करणाराच असतो असे कोणी ठरवून दिले आहे? पहाटे फिरायला निघालेल्या आजोबांना, शिकवणीला सायकलवरून जाणाऱ्या मुलीला, मागच्या सीटवर बसलेल्या मित्राला निसर्गाने कोणत्या दोषासाठी छाटले म्हणायचे? २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेल्याची सरकारी नोंद आहे आणि त्यांत सर्वाधिक वाटा दुचाकीस्वारांचा आहे. त्यांना अनफिट म्हणणाऱ्याने स्वतः हेल्मेट काढून एकदा अपघातांसाठी कुप्रसिद्ध असलेला नवले पुलाचा उतार संध्याकाळच्या गर्दीत उतरून पाहावा, असे म्हणण्याचा मोह होतो. तो मी आवरतो.

त्या गृहस्थांना डार्विनच हवा असेल तर १८७१ चे ‘डिसेंट ऑफ मॅन’ हे त्याचे पुस्तक आहे. ज्या टोळीतली माणसे एकमेकांना मदत करायला आणि सर्वांच्या हितासाठी स्वतःला झीज लावून घ्यायला तयार असतात, ती टोळी इतरांवर सरशी करते आणि हीदेखील नैसर्गिक निवडच होय, असे त्याने त्यात लिहिले आहे. दुर्बळांना मदत करण्याची आपली प्रेरणा दाबून टाकली तर आपल्या स्वभावातला सर्वांत उदात्त भाग खालावेल, हेही त्यातच आहे. आपल्या परिसरात याचे जिवंत उदाहरण पाहायचे असेल तर ते पावसाळ्यात लोणावळ्याला दिसते. दरीत कोणी पडले, कड्यावर कोणी अडकले की शिवदुर्ग मित्र या संस्थेचे स्वयंसेवक आपापली कामे टाकून दोर घेऊन उतरतात. खाली पडलेला शहाणा होता की मूर्ख, सेल्फी काढत होता की वाट चुकला होता, हे विचारून ते उतरत नाहीत. माणूस हा प्राणी दात, नखे आणि वेग यांत इतका उणा असूनही टिकला, त्यामागे ही सवय फार मोठे कारण आहे.

मावळ्यांचा दाखला मुलाने दिला आहे, तो मात्र गांभीर्याने घ्यायला हवा, कारण तो ज्या गडाच्या कड्यावर पाय सोडून बसतो त्या गडाचाच तो आहे. फेब्रुवारी १६७० मध्ये तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला आणि तिथेच प्राण ठेवला, हे त्याला ठाऊक आहे. पण तो गड परत घ्यावा का लागला? कारण जून १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी मिर्झाराजे जयसिंगांना तेवीस किल्ले दिले, त्यांत कोंढाणाही होता. समोरची फौज, वेढा आणि आपल्या माणसांचे हाल पाहून त्यांनी माघार घेतली. पुढच्या वर्षी आग्र्याच्या कैदेतून ते निसटून आले. मग काही वर्षे घडी बसवली आणि वेळ आल्यावर एकेक किल्ला परत घेतला. तग धरणे कशाला म्हणतात हे पाहायचे तर या पाच वर्षांइतका चांगला धडा मराठी मुलाला दुसरीकडे शोधावा लागू नये. तानाजींचा कडा चढणे हे त्या आखणीतले एक पाऊल होते; त्यामागे हुकूम होता, हेतू होता, गडाची माहिती होती. ते पाहायला कोणी उभे नव्हते, किंबहुना कोणी पाहू नये म्हणूनच रात्र निवडली होती. हा शेवटचा मुद्दा त्याला जरूर सांगा.

आता प्रत्यक्ष काय करावे.

त्याच्याशी बोलायचे ते एकट्याशी. लहान भावंडे, काका, मित्र यांच्यापैकी कोणीही समोर नको. यामागे नुसता शिष्टाचार नाही. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात किशोरवयीन, महाविद्यालयीन आणि प्रौढ अशा तीन गटांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला होता. सिग्नल कधीही पडू शकतो, जितके पुढे जाल तितके गुण. एकटे असताना तिन्ही गटांतला फरक फारसा नव्हता. समवयस्क मित्र शेजारी बसवल्यावर किशोरवयीनांनी पत्करलेला धोका सुमारे दुप्पट झाला, महाविद्यालयीन मुलांचाही स्पष्टपणे वाढला, आणि प्रौढांवर मात्र जवळजवळ काहीच परिणाम झाला नाही. तुमच्या मुलाला धोका कळत नाही असे समजू नका. त्याला तो कळतो, पण पाहणारे समोर असले की त्याचे वजन कमी होते. फोनचा कॅमेरा हा असा मित्र आहे की जो कधी घरी जात नाही. म्हणून पहिली मागणी ‘गाडी बंद’ अशी करू नका. ‘तीन महिने एकही रील नाही, कोणी काढायचे नाही आणि टाकायचे नाही’ अशी करा. चित्रीकरण थांबल्यावर किती रविवारी पहाटे उठावेसे वाटते, हे त्याचे त्यालाच कळेल. माझा कयास असा की बरेच कमी.

बोलताना आकडे त्याच्याच अभ्यासक्रमातले घ्या. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. समोर काही दिसून हात हलेपर्यंत एक सेकंद गेला तरी एका बसच्या लांबीहून अधिक अंतर संपलेले असते. थांबताना गाडीचे वजन पुढे जाते, त्यामुळे ती थांबवण्याचे बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो. पुढचे चाक हवेत असताना तो ब्रेकही नसतो आणि हँडलने वळवणेही नसते. वीस मीटरच्या कड्यावरून पडायला दोन सेकंद लागतात आणि खाली आदळताना वेग ताशी ७० किलोमीटर असतो. हे त्याला कागदावर करून दाखवायला सांगा. तुम्ही करून दाखवू नका, नाही तर ते पुन्हा व्याख्यान होईल.

किल्लीबद्दल तुमचे आणि पत्नीचे दोघांचेही थोडे बरोबर आहे. रागाच्या भरात, भांडणाच्या मध्यावर किल्ली हिसकावून घेतली तर तो मित्राची गाडी घेईल, आणि त्या गाडीचे ब्रेक कसे आहेत हे तुम्हाला कधीच कळणार नाही. पण वयात आलेला आहे म्हणून हात लावू नये, हेही मला पटत नाही. वयात आलेल्या माणसाशी करार करता येतो, आणि करार मोडला तर काय होईल हे आधी सांगता येते. आरसी बुक तुमच्या नावावर असेल तर गाडी तुमची आहे, आणि ती कोणत्या अटीवर चालवायला द्यायची हे ठरवण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक रीतीने वाहन चालवल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिने ते एक वर्षापर्यंत कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते, हे त्याला सांगा. आणि त्याने स्वतःच टाकलेले रील हा त्याच्याविरुद्धचा आयता पुरावा आहे, हेही सांगा. विम्याची पॉलिसी काढून तिच्यातल्या ‘वापराच्या मर्यादा’ दोघांनी मिळून वाचा. शर्यत आणि वेगाची चाचणी यांसाठीचा वापर त्यात वगळलेला असतो, आणि स्टंटमध्ये दुसऱ्या कोणाला इजा झाली तर विमा कंपनी काय भूमिका घेईल याची कल्पना त्यावरून येईल. अशा वेळी घर विकायची पाळी येऊ शकते, हे वाक्य बापाने न घाबरवता, सरळ आवाजात म्हणावे.

त्याची सुरसुरी खरी असेल तर तिला जागा द्या. पुण्यासारख्या शहरात ‘मग मी करू काय?’ असा प्रश्न पडण्याचे कारण नाही. गिरिप्रेमी ही इथली गिर्यारोहण संस्था. २०१२ मध्ये तिने उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली एव्हरेस्ट सर केले आणि २०१९ मध्ये तिच्या दहा गिर्यारोहकांनी कांचनगंगेचे शिखर गाठले. त्यांच्या प्रशिक्षणवर्गात नाव घालता येईल, किंवा सुट्टीत उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा सुमारे चार आठवड्यांचा बेसिक कोर्स करता येईल. गाडीचीच ओढ असेल तर मोटोक्रॉस आणि सुपरक्रॉस हे रीतसर खेळ आहेत. २०२४ च्या जानेवारीत बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सुपरक्रॉसची स्पर्धा झाली होती. तिथे मातीचा बंदिस्त ट्रॅक असतो, मानेला आणि छातीला संरक्षक साधने असतात, रुग्णवाहिका उभी असते आणि समोरून दूधवाला येत नाही. एक सूचना : या ठिकाणी पहिले कित्येक दिवस फार कंटाळवाणे असतात. गाठी मारा, दोर गुंडाळा, त्याच वळणावर तीच गाडी पुन्हा पुन्हा वळवा. तो तिसऱ्या दिवशी घरी आला तर त्याला धाडस नको होते, टाळ्या हव्या होत्या, हे तुम्हाला कळेल आणि त्यालाही. टिकला तर मात्र त्याच्या फीचे पैसे कुरकुर न करता भरा.

तुम्ही विचारले नाही, तरी एक सांगतो. ज्या घरातला मुलगा गेला त्या घरी तुम्ही मुलाला घेऊन जा. धडा शिकवायला नव्हे; तसे केलेत तर तो त्या आईबापांचा अपमान होईल आणि तुमच्या मुलालाही ते लगेच कळेल. तो त्याच्याच वयाचा, सोसायटीत बरोबर वाढलेला मुलगा होता, म्हणून जायचे, अर्धा तास बसायचे आणि चहा घेऊन परत यायचे. पार्किंगमध्ये त्याने मान डोलावली, ती कदाचित पटले म्हणून डोलावली नसेल. आपल्या बरोबरीचा मुलगा गेला की ‘तो कच्चा होता, मी पक्का आहे’ असे मानून घेणे हा भीती झाकण्याचा सोपा मार्ग असतो, आणि त्या गृहस्थांनी तो त्याच्या हातात आयताच दिला. परतताना त्याने काही विचारले तर उत्तर द्या. नाही विचारले तर तुम्हीही विषय काढू नका. दोन महिने उलटूनही तो नीट झोपत नसेल, चिडचिड करत असेल किंवा स्टंट अधिक धोक्याचे होत चालले असतील, तर मात्र समुपदेशकाची वेळ घ्या आणि पहिल्या भेटीला तुम्ही स्वतः बरोबर जा. ‘मला जगायचेच नाही’ अशा अर्थाचे काही तो बोलला, थट्टेत का होईना, तर आठवडाभरही थांबू नका. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या.

आणि सगळे करून झाल्यावर, करार मोडून तो पुन्हा त्याच रस्त्यावर चाक उचलताना दिसला, तर गाडी विकून टाका. भांडू नका, नोटीस देऊ नका, पुढच्या आठवड्यात विका. धायरीहून शहरात जायला पीएमपीएमएलची बस आहे. गर्दी असते, उशीर होतो, पण जाते.